शहरात ताशी ३०च का? चौदा मीटरचा हिशोब

शाळा सुटायची वेळ आहे. रस्त्याच्या कडेला भाजीचा टेम्पो उभा आहे आणि त्याच्या पुढून सात-आठ वर्षांचं एक मूल एकदम रस्त्यावर येतं. गाडी चालवणाऱ्याला ते दिसतं तेव्हा दोघांमध्ये अंतर आहे १४ मीटर. पुण्यातली पीएमपीची मोठी बस १२ मीटर लांब असते. तिच्याहून दोन-तीन पावलं जास्त, एवढंच.

आता हीच गाडी वेगवेगळ्या वेगांनी चालवून बघू.

ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाऊन ब्रेक प्रत्यक्ष लागेपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी ८.३ मीटर पुढे आलेली असते, तीही पूर्ण वेगाने. मग करकचून ब्रेक लागले की कोरड्या डांबरावर आणखी ५ मीटर. एकूण १३.३. गाडी मुलाच्या पुढ्यात हात-दीड हातावर थांबते. मूल रडतं, चालवणाऱ्याचे हातपाय थरथरतात, आणि दोघंही आपापल्या घरी जातात.

ताशी ५० असेल तर गाडी सेकंदाला १३.९ मीटर जाते. ब्रेक लागायला सुरुवात होते तेव्हा १४ मीटर संपलेले असतात. म्हणजे धडक ५०च्या वेगानेच बसते. चालवणारा दारू प्यायलेला नाही, मोबाइलवर बोलत नाही, त्याने काहीही चुकीचं केलेलं नाही. त्याच्याकडे अंतरच नव्हतं.

आणि ताशी ४० ला? पहिल्या सेकंदात ११.१ मीटर गेले. उरलेल्या २.९ मीटरमध्ये वेग ४० वरून जेमतेम ३३ वर येतो आणि धडक बसते. ‘तीस काय नि चाळीस काय, दहाचाच तर फरक’ असं आपण सहज म्हणून जातो. त्या दहामुळे काय होतं ते नीट बघा: ज्या जागी ३०ची गाडी पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी ४०ची गाडी ३३च्या वेगाने आदळते.

हे असं होतं कारण थांबण्याचं अंतर दोन तुकड्यांचं असतं. भान येईपर्यंतचं अंतर वेगाच्या प्रमाणात वाढतं: वेग दुप्पट, अंतर दुप्पट. ब्रेक लागल्यानंतरचं अंतर मात्र वेगाच्या वर्गाने वाढतं: वेग दुप्पट, अंतर चौपट. ३०ला एकूण १३ मीटर लागतात, ५०ला २८ आणि ६०ला ३६ ते ३७.

वरचे आकडे कोरडा रस्ता, चांगले टायर आणि लक्ष समोर असलेला चालक धरून काढले आहेत. जुलैच्या पावसात, रस्त्यावर तेलकट चिखल असताना टायरची पकड निम्म्यावर येऊ शकते. मग ३०ची गाडीही १४ मीटरमध्ये थांबत नाही, पण आदळते तेव्हा तिचा वेग १९-२० पर्यंत उतरलेला असतो. ५०च्या गाडीला अशा रस्त्यावर ४१ मीटर लागतात. मोबाइलकडे बघणाऱ्याला भान यायला दोन सेकंद लागले, तर ५०ला नुसत्या भान येण्यातच २८ मीटर जातात.

दुचाकीचं गणित आणखी नाजूक आहे. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. पण घसरण्याच्या भीतीने अनेक जण फक्त मागचा ब्रेक दाबतात. मागचं चाक जाम होऊन फरफटतं आणि गाडी थांबायच्या ऐवजी आडवी होते. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस सक्तीची झाली. तरी रस्त्यावर जुन्या गाड्या अजून भरपूर आहेत.

धडकेत शरीराचं काय होतं

गाडीतली ऊर्जाही वेगाच्या वर्गाने वाढते. ५०च्या गाडीत ३०च्या गाडीपेक्षा २.८ पट ऊर्जा असते. हे डोळ्यांसमोर आणायचं तर उंचीत मोजावं. ३०च्या वेगाने कठीण वस्तूवर आदळणं म्हणजे साधारण साडेतीन मीटरवरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडणं. ५०ला ती उंची जवळजवळ १० मीटर होते, म्हणजे तिसरा मजला. ६०ला १४ मीटर, चौथ्या मजल्याच्याही वर. आपण गॅलरीला कठडा घालताना तिसरा मजला आहे हे विसरत नाही. पण तेवढीच ऊर्जा घेऊन गाडी घरासमोरून जाते, तिथे मध्ये काहीच नसतं.

मोठ्या माणसाला साध्या कारची धडक बसते तेव्हा बंपर गुडघ्याच्या आसपास लागतो, शरीर बॉनेटवर आडवं होतं आणि डोकं काचेच्या खालच्या कडेवर किंवा काचेशेजारच्या खांबावर आपटतं. मग माणूस रस्त्यावर फेकला जातो आणि दुसरा मार बसतो. लहान मुलाच्या बाबतीत हा क्रमच बदलतो. बॉनेटची कड थेट छातीला किंवा डोक्याला लागते आणि मूल वर न जाता पुढे, चाकांच्या दिशेने ढकललं जातं. उंच, उभ्या नाकाच्या एसयूव्ही मोठ्या माणसांनाही अशाच रीतीने मारतात. बंपरपुढे बसवलेले लोखंडी गार्ड हा मार आणखी कठीण करतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं होतं, तरी ते आजही सर्रास दिसतात.

‘५०ला दहापैकी आठ माणसं मरतात’ असा एक आकडा बरीच वर्षं फिरतो आहे. तो जुन्या नोंदींवरून आला, आणि त्या नोंदींत गंभीर अपघातच जास्त होते. किरकोळ अपघात कुणी नोंदवलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ पादचाऱ्याचा ५०च्या धडकेत मृत्यू होण्याचा धोका २० टक्क्यांहून कमी आहे आणि ८०ला तो ६० टक्क्यांच्या जवळ जातो. आकडा फुगवायची गरजच नाही, कारण महत्त्वाचं आहे ते प्रमाण. जर्मनीतल्या अपघातांच्या तपशीलवार नोंदींवरून असं दिसलं की ५०च्या धडकेतला मृत्यूचा धोका ४०च्या दुपटीहून अधिक आणि ३०च्या पाचपटीहून अधिक असतो. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात, तेव्हा धोका याहून बराच वाढतो. आणि जे मरत नाहीत त्यांचं काय? मांडीचं हाड, खुबा, डोक्याची इजा. रोजंदारीवर घर चालवणाऱ्या माणसाच्या घरी त्यातलं एकही दुखणं आलं तरी घर बसतं.

म्हणून ३० हा आकडा कुणाच्या मर्जीने ठरलेला नाही. माणसाचं शरीर किती सोसू शकतं आणि त्याला भान यायला किती वेळ लागतो, या दोन गोष्टींतून तो निघतो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या रस्ता सुरक्षा परिषदेच्या जाहीरनाम्यात हेच मान्य झालं: जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकमेकांत मिसळतात तिथे कमाल वेग ३०.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो

६ एप्रिल २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारसाठी कमाल मर्यादा ताशी ७० आहे, दुचाकी आणि मालवाहू गाड्यांसाठी ६०, रिक्षासाठी ५०. ही वरची मर्यादा झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे गरज असेल तर, ठरावीक भागासाठी किंवा रस्त्यासाठी ती खाली आणू शकतो आणि तसे फलक लावू शकतो. म्हणजे शाळेसमोर ३० करायला दिल्लीहून नवा कायदा यायची वाट बघावी लागत नाही.

गरज किती आहे? २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात पायी चालणारे ३२,८२५ होते. मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. ‘अतिवेग’ हा पोलिसांच्या अर्जातला सोयीचा रकाना आहे, त्यामुळे ही टक्केवारी जपून वाचावी. पण आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या: ५०ने जाणारी कार या कायद्यानुसार अतिवेगात मोडतच नाही. १४ मीटरवरच्या त्या मुलाला मारूनही ती मर्यादेत असते.

‘इथे कोण ५०ने जातो?’

हा आक्षेप खरा वाटतो. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागत होती. म्हणजे ताशी १८. मग ३०ची मर्यादा कशाला?

कारण सरासरीत सिग्नलला उभं राहणंही मोजलेलं असतं. दोन सिग्नलच्या मध्ये रस्ता मोकळा मिळाला की तीच गाडी ५०-६० गाठते. सकाळी सहा-सातला आणि रात्री दहानंतर तर कोंडीचा लगाम पूर्ण सुटतो. दिवसा कोंडी माणसांना वाचवते. रात्री तोच रुंद, सरळ, मोकळा रस्ता गाडीला पळायला बोलावतो. रात्रपाळीहून चालत येणारा, दूध घालणारा, पहाटे फिरायला निघालेले आजोबा याच वेळी रस्त्यावर असतात.

याच गोष्टीमुळे वेळेचा प्रश्नही बराचसा सुटतो. ४०० मीटरवरच्या दोन सिग्नलमध्ये कमाल वेग ५० ऐवजी ३० ठेवला, तर नेहमीच्या पद्धतीने वेग घेणाऱ्या गाडीला साधारण १६ सेकंद जास्त लागतात. पुढचा सिग्नल लाल असेल, आणि बहुतेकदा तो असतोच, तर ते १६ सेकंद तुम्ही एरवी सिग्नलला उभं राहूनच घालवले असते. कोंडीच्या वेळेत नुकसान शून्याच्या जवळ येतं, कारण ३०च गाठता येत नाही. मोकळ्या लांब रस्त्यावर मात्र ते खरं असतं: अखंड ५ किलोमीटर ५०ने सहा मिनिटं, ३०ने दहा. ही चार मिनिटं नाकारू नयेत. म्हणूनच सगळ्या रस्त्यांना ३० लावा असं कुणी जाणकार म्हणत नाही. ज्या मोठ्या रस्त्याला सलग फुटपाथ आहे, घरांची आणि दुकानांची दारं थेट उघडत नाहीत, ओलांडायला सिग्नल आहे, तिथे ५० चालतं. ३० हवं ते शाळा, बाजार, दवाखाना, वस्तीतले रस्ते आणि जिथे फुटपाथच नाही म्हणून माणसं रस्त्यावरून चालतात तिथे. आपल्या गावठाणांत आणि पेठांत हे जवळजवळ सगळीकडेच आहे.

फलक लावला, पुढे काय?

ऑस्ट्रियातल्या ग्राझने १९९२ मध्ये मुख्य रस्ते सोडून सगळ्या शहरात ३० लावलं. ब्रसेल्सने १ जानेवारी २०२१ ला. स्पेनने त्याच वर्षी मे महिन्यात देशभर नियम केला की शहरात प्रत्येक दिशेला एकच लेन असेल तर ३०. वेल्सने १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतली मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर, म्हणजे ३२ किलोमीटरवर आणली. पहिल्या वर्षभरात त्या रस्त्यांवरचे जखमी आणि मृत सुमारे पाव भागाने घटले. तरीही विरोधातल्या अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या. सरसकट निर्णयात काही रुंद, वर्दळ नसलेले रस्तेही सापडले होते, आणि पुढे सरकारला स्थानिक परिषदांना काही रस्ते वगळण्याची मोकळीक द्यावी लागली. चुकीच्या रस्त्यावर लावलेली मर्यादा बरोबर रस्त्यावरच्या मर्यादेचाही मान घालवते.

त्याआधी इंग्लंडमध्ये २० मैलांच्या भागांचा सरकारने अभ्यास करून घेतला होता. तिथे भर होता फक्त फलकांवर. त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला आणि वस्तीतल्या रस्त्यांवरचा वेग ताशी एका मैलानेही कमी झालेला दिसला नाही. सरासरी वेग १ टक्का घटला तर जीवघेणे अपघात साधारण ४ टक्के घटतात, असा जगभरचा अनुभव आहे, त्यामुळे एवढीशी घटही वाया जात नाही. पण माणूस फलक वाचून गाडी चालवत नाही, रस्ता बघून चालवतो. रस्ता ६०चा आणि फलक ३०चा असेल तर रस्ताच जिंकतो.

म्हणून रस्त्याचा आकार बदलावा लागतो. साडेतीन मीटरची लेन हे महामार्गाचं माप आहे. बस अडीच मीटरच्या आसपास रुंद असते, तेव्हा शहरात ३ मीटर पुरतात. उरलेली जागा फुटपाथला द्यावी. चौकातला कोपरा मोठ्या गोलाईत कापलेला असेल तर गाडी वेग न उतरवता वळते. गोलाईची त्रिज्या ३ ते ५ मीटरवर आणली की तिला वेग निम्मा करावाच लागतो. आपल्याकडचा ‘फ्री लेफ्ट’ तर पादचाऱ्याच्या मुळावर येतो: सिग्नल कुणाचाही असो, डावीकडची रांग कधी थांबत नाही, आणि त्याच कोपऱ्यावर माणसं ओलांडायला उभी असतात.

रस्ता ओलांडणाऱ्याच्या बाजूने हिशोब मांडला तर मधल्या थांब्याची किंमत कळते. चार लेनचा १४ मीटरचा रस्ता ओलांडायला धडधाकट माणसाला १२ सेकंद लागतात. ५०ने येणारी गाडी तेवढ्यात १६७ मीटर येते, म्हणजे दोन्ही बाजूंना १६७ मीटर मोकळे दिसले तरच पाऊल टाकता येतं. गाडी ३०ची असेल तर १०० मीटर पुरतात. मध्ये २ मीटर रुंद सुरक्षित थांबा दिला तर एका वेळी निम्माच रस्ता, एकाच दिशेला बघून. तेव्हा ५० मीटरची फट पुरते. काठी टेकत चालणाऱ्या आजींना याच्या दीडपट वेळ लागतो. त्यांच्यासाठी आजचे रस्ते दिवसभर बंदच असतात.

आता गतिरोधक. यावर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांतला गोलाकार गतिरोधक गाडीच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच असतो. २५च्या वेगाने तो आरामात पार होतो. हा आकार १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या रस्ते-संशोधन प्रयोगशाळेत ठरला. त्यामागचं तत्त्व असं की लांब उंचवटा सगळी गाडीच वर उचलतो, म्हणून वेग जितका जास्त तितका हादरा जास्त. आपल्याकडे रातोरात टाकलेला डांबराचा ढिगारा मीटरभर लांब आणि १५-२० सेंटीमीटर उंच असतो. त्यावर उलटं घडतं. हळू जाणाऱ्या रिक्षातल्या गरोदर बाईला, रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला पूर्ण धक्का बसतो. जोरात जाणाऱ्या गाडीचं स्प्रिंग तो गिळून टाकतं. वर पट्टे रंगवलेले नसतात, दिवा नसतो, आणि रात्री दुचाकीवाला हवेत उडतो.

दुसरी नेहमीची चूक पाण्याची. पाणी जावं म्हणून गतिरोधकाच्या कडेला फट सोडतात, आणि सगळ्या दुचाकी त्या फटीतून, म्हणजे चालणाऱ्यांच्या अंगावरून जातात. उंचवटा कडेपर्यंत नेऊन खालून पाइप किंवा जाळीची गटार द्यावी. तिसरी चूक अंतराची: एकच गतिरोधक टाकला तर गाडी त्याच्यापुरती थांबते आणि पुढे दामटते. ३० टिकवायचं तर ८० ते १०० मीटरवर काहीतरी हवं. शाळेसमोर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे झेब्रा पट्टेच फुटपाथच्या उंचीला, सुमारे १५ सेंटीमीटर, उचलणं आणि दोन्ही बाजूंना लांब उतार देणं. मग मूल रस्त्यावर उतरत नाही. गाडीला फुटपाथवर चढावं लागतं. आणि पट्ट्यांच्या अलीकडचे पाच-सहा मीटर पार्किंगला खांब रोवून बंद करावेत, म्हणजे तो टेम्पो तिथे उभाच राहू शकणार नाही.

आपल्या रस्त्यावरचा वेग स्वतः मोजा

वेगमर्यादेची मागणी करताना ‘गाड्या फार जोरात जातात’ एवढं लिहून भागत नाही. मोजणी जोडली की अर्ज वाचावा लागतो. सामान लागतं ते मोजपट्टी, खडू आणि मोबाइलचं स्टॉपवॉच.

सरळ तुकड्यावर, सिग्नलपासून दूर, कडेला ५० मीटर मोजून दोन खुणा करा. पहिल्या खुणेवरच्या माणसाने गाडीचं पुढचं चाक रेषेवर आलं की उंच धरलेला हात खाली आणायचा. दुसऱ्या खुणेवरच्याने तेव्हा घड्याळ सुरू करून चाक आपल्या रेषेवर आल्यावर बंद करायचं. दोघांनीही आपापल्या खुणेच्या अगदी समोर उभं राहावं, तिरकं बघितलं की आकडा चुकतो. ६ सेकंद म्हणजे ताशी ३०, ४.५ म्हणजे ४०, ३.६ म्हणजे ५०, ३ म्हणजे ६०. हाताला ०.२ सेकंदाची चूक होतेच. ५० मीटरवर ती ५०च्या वेगात पाच-सहा टक्क्यांची पडते. अंतर २५ मीटर घेतलंत तर ती दुप्पट होते, म्हणून कमी घेऊ नका.

फक्त मोकळ्या गाड्या मोजा. पुढच्या गाडीच्या मागे अडकलेली गाडी सोडून द्या. अशा १०० गाड्या, एकदा सकाळी सात वाजता आणि एकदा रात्री दहाला. फुटपाथवर उभे राहा, पटकन दिसणारे कपडे घाला आणि कुणालाही थांबवू नका. मग वेग चढत्या क्रमाने लावा आणि ८५ वा आकडा बघा. रस्त्याचा खरा वेग म्हणून अभियंते हाच आकडा धरतात, कारण १०० पैकी ८५ गाड्या त्या वेगाने किंवा त्याहून हळू जात असतात.

अर्ज दोन ठिकाणी जातो, आणि बहुतेक प्रयत्न इथेच अर्धवट राहतात. आकडा ठरवण्याचं काम वाहतूक पोलिसांकडचं. उंचवटा, कोपरा आणि लेन महापालिकेच्या पथ विभागाकडची. नुसता पोलिसांकडे गेलात तर फलक मिळेल. दोन्हीकडे एकच कागद द्या: ८५ वा वेग, रस्त्याची रुंदी, शाळेचं फाटक कुठे आहे, मुलं कुठून ओलांडतात याचा हातानं काढलेला नकाशा. पुण्यात नागरिकांना दरवर्षी महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी क्षेत्रीय कार्यालयात कामं सुचवता येतात. उचललेले झेब्रा पट्टे त्यात बसण्याजोगं काम आहे.

काम झाल्यावर महिना-दीड महिन्याने त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा १०० गाड्या मोजा. ८५ वा आकडा ५२ वरून ३४ वर आला असेल तर रस्ता बदलला. ५२ वरून ४९ वर आला असेल तर फक्त फलक लागला आहे, आणि तोच कागद घेऊन पुन्हा पथ विभागात जायचं आहे.